इथला केर जातो कुठे

३ मार्च, सोमवार

पहिला दिवस! आई आणि मी एकाच फाटकातून आत गेलो. मी शाळेत जायला लागायच्या आधीपासून ती या कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवते. आणि मी, घरातली पहिली पदवीधर, आजपासून इथेच सुरक्षा अधिकारी. फाटक आलं तशी ती मुद्दाम चार पावलं मागे राहिली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, साहेब लोकांच्या बरोबरीने चालायची सवय नाही बाई मला. पॅकिंगमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने आईला विचारलं, आता लेकीला हाक मारायची तर आधी अर्ज करायचा का गं?

इथे मक्यापासून स्टार्च बनतो. पांढरीशुभ्र भुकटी, बोटांना लागलेलीही कळत नाही अशी. वाटलं होतं, सगळीकडे थर साचले असतील. पण पॅकिंग हॉल आरशासारखा! फरशीत तोंड दिसतं. छतही सपाट, पांढरं, कुठे डाग नाही. हवेत काहीतरी खमंग भाजल्याचा मंद वास. मॅनेजर कौतुकाने म्हणाले, आमच्याकडे ताट लागत नाही, फरशीवरच वाढून घ्यावं.

फार चांगली माणसं आहेत. इथे खूप काही करता येईल.

५ मार्च, बुधवार

पाळी संपताना सफाई पाहिली. एक वयस्कर कामगार आहेत, त्यांना सगळे फुंकरमामा म्हणतात. ते कॉम्प्रेसरला जोडलेली हवेची नळी फिरवतात. हॉलमध्ये धुकं दाटतं, बायका तोंडाला रुमाल बांधून तिथेच काम करत राहतात. थोड्या वेळाने धुकं विरतं आणि फरशी लख्ख.

मी हबकलेच. कॉलेजात पहिल्याच तासाला शिकवलं होतं : निजलेली भुकटी म्हणजे पीठ, उडालेली भुकटी म्हणजे दारूगोळा. बंद जागेत ढग उठला आणि ठिणगी मिळाली, की संपलं. मामांना हे समजावलं, तर हसून म्हणाले, पोरी, तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून फुंकतोय, अजून मिशी जळली नाही.

मॅनेजरांना लेखी दिलं : नळी बंद करा, मऊ झाडू वापरा, ठिणगी न पाडणारा व्हॅक्यूम आणा. बघू म्हणाले.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी आईने घर झाडलं. दोन खोल्यांचं घर, तरी सुपली भरून केर निघाला. मी त्या सुपलीकडे बघतच राहिले.

पॅकिंगमध्ये केराचा डबाच नाही. सुपली नाही, ढीग नाही. रोज एवढी भुकटी उडते, पण ती गोळा करून बाहेर नेताना मी कुणालाही पाहिलं नाही. मग जाते कुठे? फोरमनला विचारलं. त्याने खांदे उडवले. हवेतली हवेत जाते, मॅडम.

१० मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत शिडी लावली. छत खोटं आहे. वरच्या जुन्या तुळया दिसू नयेत, पाहुण्यांना बरं वाटावं, म्हणून खाली पांढऱ्या पाट्या टांगल्यात. एक पाटी सरकवली आणि हात घातला. कोपरापर्यंत गेला.

वर टेकड्या आहेत. पांढऱ्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दिव्यांच्या वरची भुकटी तपकिरी पडलीय. भाजलीय. खमंग वास तो हा.

इतक्या वर्षांचा केर माझ्या आईच्या डोक्यावर आहे. आता नीट पाहिलं, तर छताला पोट सुटलेलं दिसतं.

तिला म्हटलं, हे साफ होईपर्यंत कामावर जाऊ नको. ती दुखावली. याच पिठातून तुझी पुस्तकं आली, म्हणाली, आणि आता पिठालाच भ्यायला शिकलीस?

११ मार्च, मंगळवार

मॅनेजरांनी ऐकलं! शनिवारी मोठे पाहुणे येणार आहेत, त्याआधी वरचं सगळं साफ करून टाकू म्हणाले. यंत्रं बंद, दिवे बंद, हॉल रिकामा, आणि व्हॅक्यूमनेच, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ते मान डोलवत होते. आई गावभर सांगत सुटलीय, माझ्या लेकीने साहेबाला वाकवलं.

१३ मार्च, गुरुवार

व्हॅक्यूम आलेला नाही. विचारलं तर म्हणतात, काळजी करू नका, काम होणार म्हणजे होणार.

पाटीच्या फटीतून धार सुरू झालीय. सुतासारखी. आईच्या खांद्यावर पडते. तिने झटकली. पुन्हा पडली.

१४ मार्च, शुक्रवार

फलकावर कागद लागलाय. सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून आज पॅकिंगच्या छताची सफाई. उत्पादन चालू राहील.

मी असं कधी —

मामा शिडीवर. नळी छतात घातलीय. कानांत बोळे. यंत्रं चालू, दिवे चालू. कॉम्प्रेसरच्या खोलीला कुलूप, किल्ली मॅनेजरांकडे, मॅनेजर उद्याच्या पाहुण्यांना आणायला गेलेत. धोक्याची घंटा दाबली. नुसती घरघरली. तिच्यातही भुकटी.

बायकांना हाताला धरून ओढलं. काही आल्या. आई नाही आली. मामांची शिडी धरून उभी आहे. म्हणते, माझ्या लेकीने काढलेलं काम, अर्धवट टाकून कशी येऊ.

काचेच्या केबिनमधून फोन लावतेय. उचलत नाहीत. तोवर लिहून ठेवते. कागदावर माझं पद आहे. ती सूचना माझी नाही. मी म्हटलं होतं, हॉल रिकामा — दिवे बंद —

धप्प. वरच्या कोपऱ्यात. पोतं पडावं तसं, लहानसं. कुणीतरी हसलंसुद्धा.

पहिला स्फोट नुसता वरचं खाली आणतो. पुस्तकात आहे. मग दुसरा —

छत येतंय. काचेपलीकडे सगळं पांढरं. आई दिसत नाही. आई, शिडी सोड — मी आले — दार —