शाळेची जेवणाची घंटा सुट्टीत घरी मिळण्याबाबत

प्रति,
मा. आहार अधिकारी,
शालेय आरोग्य कार्यालय.

विषय : शाळेच्या भोजनगृहातील घंटा सुट्टी संपेपर्यंत घरी वापरण्यास मिळणेबाबत.
संदर्भ : माझा यापूर्वीचा अर्ज व त्यावर आलेले आपले अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून लिहितो की, माझी मुलगी चौथीत असून आपल्या कार्यालयाच्या ‘सावकाश जेवा’ उपक्रमात वर्षभर होती. घरी तिला ढब्बू म्हणतात. हे नाव तिच्या मामाने लाडाने ठेवले. वर्गात ते लाडाने घेतले जात नव्हते. उपक्रमापूर्वी ती दप्तर पाठीवर तसेच ठेवून उभ्या उभ्या, न चावता गिळत असे, आणि उशीखाली बिस्किटे लपवत असे. तेव्हा उपक्रमाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच नमूद करतो.

उपक्रमाची पद्धत आपणास माहीत आहेच, तरी अर्ज दुसऱ्या कोणाच्या टेबलावर गेला तर माहिती असावी म्हणून लिहितो. भोजनगृहात आहारताई पितळी घंटा वाजवतात. घंटा झाली की एक घास घ्यायचा, चमचा खाली ठेवायचा आणि पुढची घंटा होईपर्यंत चावत राहायचे. जो आधीच चमचा उचलेल त्याला सगळ्यांसमोर उठवून रांगेच्या शेवटी बसवतात. माझ्या मुलीला एकदाही उठावे लागले नाही. वर्षअखेरीस तिला प्रशस्तिपत्र मिळाले. पालकसभेत मी स्वतः उभा राहून ताईंचे आभार मानले होते.

सुट्टी लागली आणि घंटा कपाटात गेली. पहिल्या दिवशी मुलगी ताटासमोर बसली, चमचा खाली ठेवला आणि थांबली. आम्हाला वाटले, चांगले वळण लागले. जेवण निवले तरी ती तशीच बसलेली. पत्नी म्हणाली, “अगं, भूक काय घंटा ऐकून लागते का?” त्यावर मुलगी म्हणाली, “भूक लागलीय गं आई, पण अजून वाजली नाही ना.” दूध मात्र ती पिते, कारण उपक्रमात दुधाबद्दल काही सांगितलेले नव्हते. सध्या ती त्यावरच आहे.

पत्नीने पेल्यावर चमचा वाजवून पाहिला. मामाने सायकलची घंटा आणली. मी लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो, म्हणून भंगारात निघालेल्या एका लिफ्टची घंटा आणून स्वयंपाकघराच्या भिंतीला बसवली. तिच्यावर मुलीने थोडे घास खाल्ले. मग चमचा ठेवून म्हणाली, “बाबा, ही तू वाजवतोयस. मी जेवावं म्हणून पटापट वाजवतोयस.” ते खरेच होते.

याबाबत मी मागील अर्ज केला होता व त्यात तिचे घटलेले वजनही कळवले होते. त्यावर, विद्यार्थिनीच्या वजनात सुट्टीतही घट सुरू असल्याबद्दल आपण पालकांचे अभिनंदन केले असून पुढील भित्तिपत्रकासाठी तिचा फोटो मागवला आहे. फोटो अद्याप काढलेला नाही. दवाखान्याचा जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसली. डॉक्टरांनी तपासून, असेच चालले तर भरती करून सलाईन लावावे लागेल, असे सांगितले आहे.

शाळेतही जाऊन आलो. शिपाईमामा म्हणाले, “घंटा कपाटात, किल्ली ताईंकडे, ताई गावाला. आणि किल्ली असती तरी साहेबांच्या सहीशिवाय मला देता आली नसती हो.” ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मी बराच वेळ बसलो होतो.

मला भीती वाटते. अर्जात असे लिहीत नाहीत याची कल्पना आहे, परंतु घरी बोलण्याची सोय नाही. आम्ही तिघे वेळच्या वेळी ताटांवर बसतो. तिच्यासमोर आम्हालाही घास घेववत नाही, म्हणून आम्हीही थांबतो. शेजाऱ्यांच्या दाराची बेल वाजली की तिघेही मान वर करतो.

तरी विनंती की, घंटा देण्याचा आदेश व्हावा. ती मी पुसून परत करीन. आपल्या कार्यालयातून कोणी येऊन वाजवणार असल्यास अधिक बरे, आमच्या इमारतीची लिफ्ट चालू आहे.

हे नियमात बसत नसेल तर आपल्या सही-शिक्क्याचे एक पत्र द्यावे की, सदर विद्यार्थिनी घंटा न होता जेवली तरी तिला कोणी उठवणार नाही. आम्ही सांगून पाहिले. ती म्हणते, तुम्हाला तो अधिकार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
विद्यार्थिनीचे वडील
दिनांक : १४ मे

सोबत :
१. प्रशस्तिपत्राची छायाप्रत.
२. उत्तरासाठी कोरा कागद. कृपया मोठ्या अक्षरात व सोप्या शब्दांत लिहावे, पत्र ती स्वतः वाचणार आहे.