मागच्या भिंतीतलं खिंडार

१ सप्टेंबर
जिन्यात घरमालक आबा भेटले. "मॅडम, गाडी घ्या की आता. हितं गाडीबिगर कसं भागतं तुमचं?" फ्लॅटबरोबर मिळालेली पार्किंगची जागा रिकामी राहते याचं त्यांना वाईट वाटतं. वाळवण घालायला बरी आहे, म्हटलं. हसले नाहीत. करार नोव्हेंबरअखेर संपतो, पुढचं दिवाळीनंतर सांगा म्हणाले.

भागतं ते मागच्या भिंतीतल्या खिंडारामुळे. तिथून बाहेर पडलं की आबांच्या भाताचा बांध, बांध संपला की बेगडेवाडी स्टेशन. मग लोकल, लोणावळा, शाळा. रस्त्यानं जायचं तर हायवेला मोठा वळसा, फुटपाथ नाही, रिक्षावाले फिरकत नाहीत. खिंडार आहे म्हणून मी इथं राहते.

९ सप्टें.
सकाळी खिंडारापाशी मावशी, आबांची बायको. ही सोसायटी त्यांच्याच जमिनीवर उभी. बदल्यात फ्लॅट मिळाले. एक मला भाड्यानं दिला, त्याच्या वर पाचव्या मजल्यावर ते दोघं. मागचं भाताचं रान तेवढं राहिलं. मावशी रोज लिफ्टनं उतरतात, हातात विळा. लिफ्टच्या आरशात पदर नीट करतात, शेतात जायला!
"बाई, चिखल हाय, चपला हातात घ्या." आणि मग, "वर जीव रमत न्हाई बगा. हितं आलं की बरं वाटतं."

२१ सप्टें.
सोसायटीच्या ग्रुपवर खिंडाराचा फोटो. सुरक्षेचा प्रश्न म्हणे, भिंत सलग करा. खाली अंगठेच अंगठे. सगळ्यांकडे गाड्या. मी लिहिलं, तिथं लहान गेट करता येईल का? उत्तर: 'भाडेकरूंनी मालकामार्फत कळवावे.' राग आला. कणीक जरा जास्तच मळली गेली.

आबांना सांगितलं. "बघू की." यांच्या 'बघू की'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

५ ऑक्टोबर
सोसायटीची मीटिंग. पार्किंगमध्ये खुर्च्या. मी मागे उभी, भाडेकरूंनी ऐकायचं फक्त. सेक्रेटरींनी आबांना विचारलं, पलीकडची जमीन तुमची, तुमचं काय म्हणणं? वाटलं, आता गेट मागतील. बायको रोज जाते त्यांची.
आबा उठले. "बांदा भिंत. ते रान आता आमचं न्हाई. दिलंय. भात निघालं की ताबा." बसले.
चहा चांगला होता. मला घर सोडावं लागणार असं दिसतं.

६ ऑक्टो.
भलतंच झालं. बांधावर मावशींना सहज विचारलं, कुणाला दिलंत हे रान?
"काय दिलं?"
तिथं तरी गप्प बसायचं. पण मी कालचं सगळं सांगून टाकलं. घरातल्या घरात माहीत असेलच, असं धरून चालले होते. सातबाऱ्यावर नाव आबांचं एकट्याचं, विकताना मावशींची सही लागली नाही, म्हणून कुणी सांगितलंही नाही.
मावशी म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." मग खाली बसून बांधावरचं गवत कापायला लागल्या. आता कशासाठी, कोण जाणे.
लोकल चुकली. दिवसभर वर्गात लक्ष नव्हतं. लाज वाटते, आणि आबांचा संताप येतो.

२८ ऑक्टो.
दिवाळी झाली. वरून हल्ली एकट्या आबांचाच आवाज येतो. मावशी त्यांच्याशी बोलत नाहीत. फराळाचं ताट मात्र मला आलं, शेव त्यांच्याच हातची.
वराळ्याला दोन फ्लॅट पाहिले. छान. एजंट म्हणाला, "टू-व्हीलर तर असेलच ना मॅडम?" तिकडून स्टेशन आणखी लांब. 

९ नोव्हेंबर
भात निघालं. मजुरांबरोबर मावशी स्वतः कापत होत्या, वर मान नाही. इकडे भिंत पुरी झाली, गिलावा अजून ओला.
पहिल्यांदाच हायवेनं गेले. ट्रक अंगावर आल्यासारखे जातात. शाळेत उशीर, मुख्याध्यापिकाबाईंची भुवई वर. मावशी अजूनही सकाळी खाली येतात, वॉचमनच्या खुर्चीत बसतात, ऊन आलं की वर जातात. बघवत नाही.

१४ नोव्हें.
आबा करारासाठी आले. मागोमाग मावशी, न बोलावता. आबांनी विचारलं, "मग मॅडम, र्‍हायचं का जायचं?"
मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "र्‍हाणार हायत त्या. स्कूटर घेणार हायत. मी मागं बसणार."
मी कधी म्हटलं असं? पण महिनाभरात मावशी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलत होत्या, म्हणून मोडता घातला नाही.
आबांना हसू आलं. "तुला आता कुटं जायचंय?"
मावशींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आबांचं हसू हळूहळू गेलं. मग ते माझ्याकडे वळले, जणू उत्तर मीच द्यायचं होतं.
उद्या सांगते, म्हटलं.