घरभर चिकटवलेलं इंग्रजी

ताई,

तुझी नोकरीची फोनवरची मुलाखत संपेपर्यंत मी बाहेर आहे. घरात मध्येच आवाज करणारे दोघेच, मी आणि कुकर. मी जातोय, कुकरला तू आवर.

पहाटे स्वप्न पडलं. तुझ्या सरावासाठी आपण घरभर चिकटवलेल्या इंग्रजीच्या चिठ्ठ्या फडफडायला लागल्या आणि घर हळूहळू वर निघालं. नळावर 'टर्न ऑफ' होती, म्हणून पाणी तेवढं सांडलं नाही. तू दारात उभी राहून 'कम इन' म्हणत होतीस आणि ढग चपला बाहेर काढून आत येत होते.

उठून बघतो तर भिंती खरंच मोकळ्या. चिठ्ठीवरचे शब्द वापरून कुणाशी तरी खरं वाक्य बोलल्याशिवाय ती काढायची नाही, हा नियम तू पाळलास. खिडकीवर फक्त 'लुक फॉरवर्ड टू' उरलीय. ती मुलाखतीच्या शेवटी वापर: 'आय लुक फॉरवर्ड टू जॉइनिंग यू.' नुसतं 'जॉइन' नको. मग ते तुला त्या लांबच्या शहरात नेतीलच.

अजून एक राहिलीय. 'लीव्ह बिहाइंड', म्हणजे मागे सोडून जाणं. ती कुठे लावायची कळेना, म्हणून तू माझ्या शर्टाच्या पाठीवर लावलीस. तिचं खरं वाक्य तू अजून बोलली नाहीस, म्हणून तोच शर्ट घालून निघालोय. रस्त्यात लोक वाचतील, वाचू देत.

नोकरी मिळाली की ते वाक्य बोल. मी पाठ फिरवून उभा राहीन, तू चिठ्ठी काढ.

कुकर नंबर दोन