कुलुपातला लु

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि आलं तरी तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. शिवाय या वेळी उत्तर कागदावरच हवंय.

यंदा मला तुझंच जुनं जलशुद्धीकरण केंद्र तपासायला मिळालं. नियंत्रण कक्षाच्या दारात मी पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. नववीत शाळा सुटलेला, तारा ओढता ओढता खात्याच्या परीक्षेला बसलेला मी, आणि समोर अख्ख्या शहराचं पाणी एका भिंतीवर दिव्यांनी मांडलेलं! कोपऱ्यात ती राखाडी सुरक्षा-पेटी. बाकीचे संगणक दिवसभर हुकूम सोडतात. पेटी एकच गोष्ट बघते, पाण्यात क्लोरीन जास्त झाला की क्लोरीनची झडप बंद. एरवी वर्षानुवर्षं गप्प. इतकं गप्प बसणारं शहाणं आपल्या घराण्यात मी कुणी पाहिलं नाही.

आता पत्राचं खरं कारण. पेटीच्या काचेतून एक खटका दिसतो. तो कायम ‘चालू’वर हवा. ‘बदल’वर असेल तर दूर बसलेला माणूसही तारेवाटे पेटीची शिकवण बदलू शकतो. मग क्लोरीन कितीही वाढो, ती झडप उघडीच ठेवणार. खटका ‘बदल’वर आहे. आणि मागच्या महिन्यात बाहेरून कुणीतरी संगणकात शिरून पेटीचं दार एकेचाळीस वेळा ठोठावल्याची नोंद आहे. तरी आत कुणी गेलेलं नाही. का, ते कुणालाच सांगता येत नाही. पेटीला पितळी कुलूप आहे, चावी कुणाकडे नाही. केंद्रप्रमुख म्हणाले, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

सहा वर्षांपूर्वीच्या नोंदवहीत एक ओळ सापडली. ‘खटका बदलवर. कुलुप लावले.’ सही लागत नाही, पण लु ऱ्हस्व आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून, माझ्या वेलांट्या चुकायच्या म्हणून ‘वेलांटी’ हाक मारत मला सगळं शुद्धलेखन शिकवलंस आणि हा एकच शब्द स्वतः जन्मभर चुकवलास!

आमच्या मुख्य निरीक्षक बाईंना मी नातं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मग लेखीच विचार, आणि आत्या आहे म्हणून सोपं करून विचारू नकोस. तर विचारतो. खटका तू तसा ठेवलास का? अहवालात ‘जबाबदार कोण’ असा रकाना आहे. तिथले लोक अजून तुझं नाव निघालं की सरळ होऊन बसतात. त्या रकान्यात तुझं पद लिहायला माझा हात उठत नाही.

रागावलीस तर पत्रातूनच कान पिळ, पण उत्तर धाड.

तुझा,
वेलांटी

ता. ९ फेब्रुवारी

चि. वेलांटीस,
अनेक आशीर्वाद.

पंपांनी कान नेले, डोकं नाही. लेखी विचारलंस ते बरं केलंस.

खटका मी ठेवला नाही, तो अडकला. दुरुस्तीच्या तीन चिठ्ठ्या दिल्या. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं. माझ्याकडे पुढचं वर्ष नव्हतं. नोकरीचा शेवटचा दिवस होता. उघड्या दाराचं घर दुसऱ्याच्या हवाली करून मी जाणार कशी? म्हणून शिकवण बदलायची ती तारच पेटीतून उपसली आणि टोकाला फडकं बांधलं. झडप बंद करायची तार वेगळी, तिला हात लावला नाही. मग घरचं कुलुप आणून लावलं आणि चावी घेऊन आले.

परवानगीशिवाय तार काढायची नाही, हा नियम नव्या माणसांना मीच घोकून घेत असे. शेवटच्या दिवशी चौकशी नको वाटली, म्हणून तारेचं वहीत लिहिलं नाही. चिठ्ठ्यांचंही नाही. भ्याले, दुसरं काय! त्या एकेचाळीस वेळांचं वाचलं आणि आधी उठून चावी शोधली.

हे सगळं लिही. आत्या म्हणून एक मात्रासुद्धा गाळू नकोस. फक्त वहीतली ओळ अहवालात घेशील तेव्हा लु दीर्घ कर. तुला मी शिकवलं हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे, लाज जाईल.

चावी पाकिटात आहे. जेवण वेळेवर घेत जा.

तुझी,
आत्या

ता. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी चावी फिरली. सहा वर्षांनी, तेलाचा थेंबही न घालता.

दार उघडलं. तारेचं टोक तसंच लोंबत होतं, फडक्यावर धुळीचा थर. सगळे पाहत राहिले. ज्यानं एकेचाळीस वेळा दार ठोठावलं, तो तुटलेल्या रस्त्याच्या टोकाशी उभा राहून ठोठावत होता! केंद्रप्रमुखांनी खुर्ची ओढली आणि मग बसायचं विसरले.

नवा खटका बसवला. मग मी चाचणीचा खोटा इशारा दिला, क्लोरीन वाढल्याचा. सहा वर्षं त्या पेटीशी कुणी अक्षर बोललं नव्हतं. तू शेवटचं सांगितलेलं तिला जसंच्या तसं पाठ होतं. पावणेदोन सेकंदांत झडप बंद. आत्या, तो आवाज साधा होता, डब्याचं झाकण लागावं तसा. पण माझे डोळे भरून आले. नळाखाली भांडं धरलेल्या एकाही माणसाला काही कळलं नसेल.

अहवाल दिला. ‘जबाबदार कोण’ या रकान्यात तुझं पद लिहिलं, आणि खाली तुझ्या तीन चिठ्ठ्यांचे क्रमांक. त्या दुरुस्ती विभागात सापडल्या. तुझ्याकडे खुलासा मागतील. तयारीत राहा. शहर कशानं वाचलं, या ओळीतही तेच पद आहे. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा पुसला.

मग ‘कुलुप’वर लाल गोल करून म्हणाल्या, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी म्हटलं, बाई, हा वहीतला उतारा आहे, त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. त्यांनी गोल खोडला.

तेव्हा तुझं तेवढं ऐकता आलं नाही. माझ्या हातून इतक्या वर्षांत गेलेली ही एकच चूक. दहा वेळा तपासली. लु ऱ्हस्वच आहे.

चावी परत पाठवत नाही, ती आता पुराव्यात आहे. लोभ मात्र पुराव्याशिवाय चालू ठेव.

तुझा,
वेलांटी