लिंबू झोंबलं की नाही

मामा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. सुप्याच्या दवाखान्यात सगळे तुम्हाला मामाच म्हणत. कागदावर तुम्ही कंपौंडर होता आणि मी तुमच्या हाताखाली जखमा बांधणारा ड्रेसर. आता तुमच्या खुर्चीवर मी बसतो. माझी बायको दोन पावसाळ्यांपूर्वी वारली, मुली खानापूरकडे दिल्या. दवाखाना बंद केला की दुसऱ्या दिवशी दार उघडेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, कारण बोलायला कुणी नाहीच. मला फार एकटं वाटतं. म्हणून आज लिहायला बसलो आहे. तुमच्या मरणाबद्दलची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी तुमच्या बोटाला लिंबू झोंबलं होतं, आणि ते मला दिसलं होतं.

प्रेत टिकवून ठेवायचं काम आपल्याकडे वर्षातून दोन-तीनदाच येई. इथल्या माणसाला काय, सकाळी गेला तर दुपारपर्यंत लाकडं रचून होतात. पण जंगलखात्याचा एखादा साहेब तापानं गेला की त्याला बेळगावच्या दफनभूमीपर्यंत न्यायचं असे. गाडीवाट तिनईघाट स्टेशनपर्यंत, पुढं आगीनगाडी, आणि उकाडा असा की दूधसुद्धा दुपारपर्यंत टिकत नाही. मग तुम्ही मागच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडायचा, नाकाला ओलं फडकं बांधायचा आणि मलाही बांधायला लावायचा. प्रेत टिकवायच्या औषधाच्या, फॉर्मालिनच्या वासानं डोळे चुरचुरत. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, ताटलीत ठेवायचा आणि दुसऱ्यानं उचलायचा. आणि या सगळ्याच्या आधी लिंबू.

"डोळ्यावर इस्वास ठेवू नको," तुम्ही म्हणायचा. "भात लावणाऱ्या मानसाच्या बोटाला शंभर चिरा असत्यात, त्याला सोताला ठावं नसतंय. लिंबाला ठावं असतंय." कोपरापर्यंत लिंबू चोळायचं. कुठं झोंबलं तर तिथल्या चिरेतून प्रेताचं विष रक्तात जातं, म्हणून त्या माणसानं त्या दिवशी प्रेताला हात लावायचा नाही, मग तो कुणीही असो. आणि आपल्या हातावर आपण लिंबू पिळायचं नाही, दुसऱ्यानं पिळायचं. का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. "मानूस सोताशी लई खोटं बोलतंय. दुसऱ्यानं पिळावं आन् तोंडाकडं बघावं, हाताकडं न्हवं."

कुळगीच्या बाजूनं आणलेला तो गोरा साहेब आठवतो? तेव्हा पहिल्यांदा तुम्ही मला औषध आत सोडायची जांघेतली धमनी शोधायला लावली. निळसर, दाबली की चपटी होते ती नव्हे. पांढुरकी, जाड, मोकळ्या तोंडाची, ती. मी शोधली, काचेची नळी घातली, दोऱ्यानं बांधली. तुम्ही खूश होता. मग मी शहाणपणा केला. औषधाचं डबडं तुम्ही सांगितलेल्या खिळ्यावर न टांगता वरच्या वाशाला टांगलं, म्हणजे लवकर उरकेल. औषध जोरात उतरलं आणि साहेबाचा चेहरा सुजला, डोळे मिटता मिटेनात. त्याचा भाऊ दारात उभा होता. त्याच्यासमोर आणि गाडीवानासमोर तुम्ही कडाडलात, "मेल्यालं मानूस पळून चाललंय काय रं? घाई कुनाला झालीया, त्याला का तुला?" मी सव्वीस वर्षांचा बाप्या, दोन मुलींचा बाप, खाली मान घालून उभा. तुमचं म्हणणं खरं होतं. पण त्यानंतर धमनीचं काम म्हटलं की माझे हात थरथरत, आणि मनात तुमचा राग धरून मी ते काम टाळत राहिलो. तुम्हीही पुन्हा सांगितलं नाही. मला वाटायचं, तुमचं माझ्यावरून मन उडालं.

रबरी हातमोज्यांचा एक जोड कारवारहून आला होता, तोही माझ्यामुळे गेला. पावसाळ्यात आपल्याकडे काहीच वाळत नाही. कोकमं, सुकी मासळी, मुलांची लंगोटी, सगळं चुलीवरच्या काठीवर. मी मोजे धुतले आणि घरी नेऊन त्याच काठीवर टाकले. आठ दिवसांत ते धुरानं कडक झाले आणि बोटं घालताच फाटले. विलायतेत लढाई चालू होती, नवे मागवले तरी येत नव्हते. तुम्ही फाटका मोजा नाकाला लावून म्हणालात, "बांगड्याचा वास येतोय. तळून खाऊया का?" तेवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात लाकडाच्या डेपोवरचा गोव्याचा मुकादम आणला. ओंडका घसरून त्याचा डावा पाय चेचला होता, आठवडाभर तो आपल्याकडेच पडून होता, पाय पिकून काळा पडला आणि तो गेला. त्याची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. "मांयक एक फावट ताचें तोंड पळोवंक मेळूं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिची सासू गोव्यात होती, पायांनी अधू. तिला मुलाचं तोंड एकदा दिसावं, बस. तिनईघाटाहून घाट उतरून गाडी जायला आणि पुढं गावापर्यंत पोचायला दोन दिवस सहज जाणार होते. तुम्ही तिला म्हणालात, "व्हय गं बाई, बघंल. मी करतो."

मागच्या खोलीत मी तुमच्या हातांवर लिंबू पिळलं. डावा हात झाला. उजवा घेतला. तर्जनीच्या नखाशेजारी रस गेला आणि तुमच्या डाव्या डोळ्याची पापणी लवली. जराशीच. मी तुमच्या तोंडाकडेच बघत होतो, तुम्ही शिकवलं होतं तसं. तुम्ही म्हणालात, "चोळ की, थांबलास का?" मी चोळलं. माझ्या हातांवर तुम्ही आधीच पिळलं होतं, काहीच झोंबलं नव्हतं. म्हणजे तुम्ही बाजूला झालात तर धमनी मला शोधायची होती, आणि बाहेर त्या बाईचा जीव टांगणीला लागलेला. पुन्हा चेहरा सुजला तर? मी तोंड उघडलं नाही. मोजे नव्हते, तेही माझ्यामुळेच. तुम्ही उजव्या जांघेत चिरलं, नळी बसवली, औषध सावकाश उतरू दिलं. औषध डोक्यापर्यंत पोचून कानाच्या पाळीला रंग आला तेव्हा मला दाखवलंत. मग पिकलेल्या पायाला औषधी भुकटी टाकून पट्ट्या गुंडाळल्या. ते कामही मी करू शकलो असतो. तुम्ही मला नुसतं भांडं धरायला लावलंत.

तिसऱ्या दिवशी तुमचं बोट ठणकू लागलं. पाचव्या दिवशी मनगटापासून वर लाल रेघ आली. तुम्ही खाटेवर पडून मला ती रेघ दाखवत होता, वर्ग घ्यावा तसे. "ही बघ. कोपराच्या वर गेली की कार्बोलिकचा उपेग न्हाई. काखंत गाठ आली की समज." मी पोटीस बांधत होतो, गरम पाण्यात हात धरत होतो, डॉक्टरसाठी कारवारला तार करायला माणूस पाठवला होता. तुमच्या घरी भांडं घासायलाही कुणी येत नव्हतं. मुडदेवाला म्हणून बायका तुमच्या अंगणातून जायच्या नाहीत, हे मला त्या आठवड्यात कळलं. इतकी वर्षं रोज तुमच्याबरोबर होतो आणि तुमची चूल मी पहिल्यांदा पाहिली. एकाच माणसाची भांडी. आता माझ्याकडे तेवढीच आहेत.

ताप डोक्यात चढायच्या आधी तुम्ही विचारलंत, "त्या दिशी झोंबल्यालं तुला दिसलं न्हाई न्हवं?" मी म्हणालो, "न्हाई, मामा." तुम्ही डोळे मिटले. "मग बरं झालं. माजंच चुकलं. त्या बाईला शबुद दिला हुता, आन् तुजं हात कापत्यात हे मला ठावं हाय. तुला पुन्ना मानसांत खाली बघाया लावायचं नव्हतं." मला वाटलं, आता तरी सांगावं. नाही सांगितलं. चूक तुमची म्हणून तुम्ही घेऊन गेलात, आणि मी घेऊ दिली.

तुम्ही गेलात तेव्हा सकाळ होती. गावातून कुणी पटकन पुढं आलं नाही. दिग्गी गावाहून चार जण चालत आले. त्यांच्यातल्या एकाच्या बायकोला तुम्ही बाळंतपणात वाचवलं होतं. त्यांनी पाणी तापवलं, तुम्हाला अंगणात पाटावर बसवलं. थोरला मला म्हणाला, "पयलं पानी तुमी घाला. तुमी त्येंच्या लेकावानी." तुमचा उजवा हात खांद्यापर्यंत सुजला होता, कातडी फुटून पाणी झिरपत होतं. मी म्हणालो, थांबा, आधी लिंबू. पिळायला दुसरं कुणी जाणतं नव्हतं, म्हणून माझ्या हातांवर मीच पिळलं, कोपरापर्यंत चोळलं, आणि हात झटकून म्हणालो, "झोंबतंय. मला हात लावता यायचा न्हाई." त्या चौघांनी हातांना केळीची पानं गुंडाळून तुम्हाला अंघोळ घातली. मी लांब उभा होतो. थोरला दुसऱ्याला म्हणाला, "बघ, आजबी मामाचा नेम मोडला न्हाई." अजून दिग्गीत ही गोष्ट सांगतात, आणि मी ऐकून घेतो.

मामा, त्या दिवशी मला कुठंच झोंबलं नव्हतं. मला तुमच्या हाताची भीती वाटली.