सोमवारचं तेल

प्रिय पोरी,

सूनबाई असं लिहायचा माझा हक्क तीन वर्षांपूर्वी कागदोपत्री संपला, म्हणून पोरी. माझ्याकडून चक्क पत्र आलेलं पाहून तुझ्या काळजात धस्स होईल, तर आधीच सांगते, सगळं ठीक आहे. गुडघा ठीक आहे, दुकान ठीक आहे, आपले कटिंगमास्तर कुरकुरताहेत म्हणजे तेही ठीक आहेत. फोन करता आला असता. पण फोनवर मी मुद्द्याचं सोडून गावभरचं बोलत बसते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आज सोमवार, दुकान बंद. नेहमीसारखं शटर अर्धं वर करून आत आले आणि शिलाईच्या चारही मशिनी उघडून बसले. बॉबिनखालचा दोऱ्यांचा कचरा काढला, थेंब थेंब तेल सोडलं, चाकं हाताने फिरवून पाहिली. तू नवी नवी या घरात आलीस तेव्हा मी तुला किती ऐकवलं होतं, की तीस वर्षांत माझी एकही मशीन ऐन शाळेच्या गणवेशांच्या घाईत अडून बसली नाही, ती या सोमवारच्या तेलामुळे. तू गुपचूप मापांच्या सगळ्या वह्या कॉम्प्युटरमध्ये चढवल्यास आणि मग म्हणालीस, आई, आता यालाही तेल घालावं लागेल. मला हसू आलं. लोखंडाला तेल लागतं, या डब्याला काय लागणार? तेव्हा तू सांगितलंस, की कुणी ना कुणी आत शिरायला रोज नवी फट शोधत असतं. बनवणारी कंपनी ती फट बुजवायला ठिगळ पाठवते, पण ते आपण वेळेवर लावलं तरच. ठिगळ म्हटल्यावर मला सगळं कळलं. शिंपिणीला आणखी काय सांगायचं?

मास्तरांना मात्र कळायला वेळ लागला. तू त्यांना लांबलचक पासवर्ड दिलास आणि कुणाला दिसता कामा नये अशी ताकीद दिलीस. त्यांनी मान डोलावली आणि तो खडूने कापायच्या टेबलावर लिहून ठेवला, पोट मोजायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नाकासमोर. वर म्हणाले, खडूचंच आहे, पुसता येतं. तू ओलं फडकं घेऊन टेबल पुसलंस आणि दुपारपर्यंत त्यांच्याशी बोलली नाहीस. ते अजून ही गोष्ट सांगतात, आणि सांगताना दर वेळी तुझा राग थोडा वाढवतात.

मग तुझं आणि माझ्या लेकाचं बिनसलं. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तुझं त्याच्याशी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझं तरी कुठे जमतं? मला वाटलं, आता ही पोर कशाला इकडे फिरकते. पण पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी दहाच्या ठोक्याला तू दारात उभी. म्हणालीस, घरचं घरच्यांपाशी, कॉम्प्युटर तसेच सोडून चालणार नाही. दर सोमवारी मापांची कॉपी छोट्या डिस्कवर घेऊन डिस्क काढून बटणांच्या डब्यात ठेवायची, हे काम तू माझ्याकडे दिलंस. ठिगळांचं, म्हणजे अपडेटचं, तुझ्याकडे ठेवलंस. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तू येतेस, काउंटरवरचा आणि भरतकामाच्या मशीनचा असे दोन्ही कॉम्प्युटर बघतेस, ते बंद-चालू होईपर्यंत आपण दोघी कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून चहा पितो. आई म्हणणं तुझं सुटलं आणि काकू म्हणणं काही जिभेवर येईना, म्हणून तू मला 'ऐकलंत का' म्हणून हाक मारतेस. अशी हाक मला माझ्या नवऱ्यानेसुद्धा कधी मारली नव्हती.

या वेळी नव्या नोकरीमुळे तुला दोन महिने येता आलं नाही, आणि नेमकं त्यातच ते झालं. चाळीस कोटांची ऑर्डर म्हणून ईमेल आला, खाली मापांची फाईल. चाळीस कोट म्हटल्यावर कुठली शिंपीण थांबेल? मी उघडली. पुढच्या घटकाभरात एकेका गिऱ्हाइकाचं माप कुलूपबंद झालं आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली. तुला फोन केला तेव्हा माझी बोबडी वळली होती. तू आधी वायर उपटायला सांगितलीस आणि मिळेल त्या बसने आलीस. दोन दिवस लागले. कॉम्प्युटर पुसून कोरा केलास, बटणांच्या डब्यातली डिस्क काढलीस आणि एकेक माप परत आलं. फक्त सहा दिवसांची मापं गेली होती, तर मास्तरांनी खिशातून त्याच मापांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. कॉम्प्युटरवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि तोच चेहरा घेऊन ते अजून हिंडताहेत.

सगळे हसलो, तू हसली नाहीस. चूक माझीच, म्हणालीस, दोन महिने ठिगळं लावली नाहीत, फट उघडी राहिली. आता माझ्यावर विसंबू नका, दर महिन्याला येणारा माणूस लावून देते. मग पाठ फिरवून डोळे पुसलेस. समोर ट्रायलचा आरसा आहे, हे विसरलीस. त्याला तीन आठवडे झाले. त्या माणसाचा नंबर तू पाठवलास, तुझा फोन मात्र नाही.

त्या माणसाला मी बोलावलं नाही. आज मशिनींना तेल घालून झाल्यावर दोन्ही कॉम्प्युटर मीच बघितले. अपडेट लावले, बंद-चालू केले. डिस्कवर कॉपी घेतली आणि ती खरंच उघडते का, हे एका जाड्या वकिलाचं माप उघडून पाहिलं. सोडून गेलेल्या काज-बटणवालीचा पासवर्ड अजून चालू होता, तो बंद केला. आणि अपडेट यापुढे आपोआप लागतील असं करून टाकलं, म्हणजे कुणाला विचारायलाच नको.

हे सगळं मला कधी जमायला लागलं, असं तुला वाटेल. तेच सांगायला हे पत्र. दीड वर्षापूर्वी. तुझ्या शेजारी चहा पिताना बघून बघून शिकले, घरी येऊन वहीत लिहून काढलं. पण तुला सांगितलं असतं, तर तू कशाला आली असतीस? म्हणून पडद्यावर अपडेटची सूचना आली की मी दर वेळी 'नंतर' दाबायचे, तुझ्यासाठी काम शिल्लक राहावं म्हणून. हे दोन महिनेही दाबत राहिले, तू येशील तेव्हा करशील म्हणून. फट मी उघडी ठेवली होती, पोरी, तू नाही. तू उगाच स्वतःला दोष देत बसलीस आणि मी तीन आठवडे तोंड शिवून बसले, याची मला लाज वाटते. इतकी वर्षं मशीनला तेल घालणाऱ्या बाईने असं करावं? पण तुझ्याशिवाय तो सोमवार मला नको होता. पुढचा सोमवार महिन्यातला पहिला आहे. दोन्ही कॉम्प्युटर ठणठणीत आहेत, मशिनी ठणठणीत आहेत, तुझ्यासाठी इथे काहीही काम नाही. तरी ये.

तुझीच,
तुला जी हाक मारावीशी वाटेल ती