वन्स मोअर कोण म्हणालं

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज शनिवारी दुपारी लंडनमध्ये एक जपानी नाटक पाहिलं, काबुकी म्हणतात त्याला, आणि हाउन्सलोला घरी येईपर्यंत ट्यूब रेल्वेत मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत होतो. तिकीट ऑफिसातल्या एका गोऱ्याने दिलं, फुकट. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. लगेच वाटलं, यात काहीतरी खोट असणार. दारात कानाला लावायला हेडफोन देतात, त्यातून एक बाई इंग्रजीत गोष्ट समजावते. ती मनाचंच काहीतरी ठोकून देत असली तर आपल्याला काय कळणार?

काबुकीत बायकांची कामं पुरुषच करतात. स्त्रीपार्ट, अण्णा! साठीचा गृहस्थ, तोंडाला पांढराफटक रंग, पण मान अशी काही वळवली की मी खुर्चीत सरसावून बसलो. तेवढ्यात गॅलरीतून कुणीतरी जपानीत खणखणीत ओरडलं. हा बसवलेला माणूस, मी मनात म्हटलं. हेडफोनमधली बाई सांगत होती की हे जाणकार प्रेक्षक असतात, नेमक्या क्षणी नटाच्या घराण्याचं नाव पुकारतात. म्हटलं, हो, शिकवा आम्हाला.

कारण हेच मी तुम्हालाही म्हटलं होतं. पोस्टातली नोकरी सांभाळून तुम्ही जत्रेच्या नाटकात नायिका व्हायचात. मी दहावीत, आणि वर्गातली पोरं मला 'तुझी आई देखणी की अण्णा?' म्हणून पिडायची. त्या वर्षी तुमच्या पदाला मागून 'वन्स मोअर' आला. सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात बसून खोबरेल तेलाने गालावरचा रंग काढताय, आई चहा गाळतेय, आणि मी म्हणतो, "मागे तुमचीच माणसं बसवली होतीत ना?" तुम्ही एवढंच म्हणालात, "नाही रे." मी हसलो. आईने गाळणं आपटलं. पुढच्या वर्षी गुडघ्याचं कारण सांगून तुम्ही काम नाकारलंत आणि परत कधी तोंडाला रंग लावला नाहीत. त्याच गुडघ्यांनी डोंगरावरच्या देवीला मात्र दरवर्षी जात होतात. मला ते दिसत नव्हतं असं नाही.

तर शेवटच्या अंकात तो स्त्रीपार्टवाला वळला, नुसता थांबला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्स मोअर!" चांगलं मोठ्याने. पाच-सहा डोकी वळली. दोन हजार सालच्या आधी वाय-टू-केच्या कम्प्युटर कामाला आलो तो इथेच राहिलो, पण या इंग्रजांच्या देशात नाटकाला कुणी वन्स मोअर म्हणत नाही, हे आज कळलं. पडदा पडल्यावर शेजारची गोरी आजी कोट चढवता चढवता म्हणाली, "तुम्ही त्यांच्या कंपनीतले का?" मी म्हटलं नाही हो, मी कम्प्युटरवाला. "ऑफ कोर्स," म्हणाली आणि हसली. ते हसू मी ओळखलं. इतका राग आला, अण्णा, पण तिचा नाही.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार, तुम्हा पोस्टातल्या माणसाला वेगळं काय सांगायचं. एक मात्र लिहून टाकतो. त्या जत्रेत ते पद मलाही पुन्हा ऐकायचं होतं. ओरडायला तोंड उघडलंही होतं. शेजारी वर्गातली पोरं बसली होती, म्हणून मिटलं.